आंबा घाट, मी आणि सुरमई

हसणार नसाल तरच सांगतो. हसणार आहात, हे दिसतंय मला तुमच्या तोंडावर. तरी सांगतो, कारण माझ्यापेक्षा आमच्या मीनाने सांगितलं तर जास्त मीठमसाला लागेल. माझी बायको ती!

गेल्या जानेवारीत माझ्या डोक्यात आलं, आपण एकट्यानं मोटारसायकलवरून घाट चढायचा. रत्नागिरीहून निघायचं, आंबा घाटाच्या माथ्यावर उभं राहायचं, आणि सह्याद्रीला म्हणायचं, "आलो बघ!" वय बावन्न. नोकरी मिरजोळ्याला एका कारखान्यात, स्टोअरकीपरची. म्हणजे दिवसभर नटबोल्ट मोजणारा माणूस. त्याला सह्याद्रीनं हाक मारायला नको?

मीना म्हणाली, "एकटे कशाला? कंबर धरली तर कोण उचलणार तुम्हाला?"

शब्दाला शब्द वाढला. दोन दिवस अबोला. निघालो त्या सकाळी मला चहासुद्धा मिळाला नाही!

म्हणून साखरप्याला चहाला थांबलो. गाडी टपरीबाहेर लावली. माझी गाडी म्हणजे शंभर सीसीची काळी, कोकणात दर तिसऱ्या घरापुढे उभी असते तसली. सोळा वर्षांची. तिचं कुलूप इतकं झिजलेलं, की किल्ली काय, खोबऱ्याची कातळी घातलीत तरी चालू व्हायची; आणि किल्लीही झिजून अशी गुळगुळीत, की कुठल्याही कुलपात फिरावी.

दोन चहा घेतले, हेल्मेट चढवलं, काळ्या गाडीवर बसलो, किल्ली फिरवली, निघालो.

आणि काय सांगू, गाडी जी चढली! एरवी हातखंब्याच्या चढावर धापा टाकणारी माझी गाडी घाटात नुसती नाचत होती. ब्रेक तर असा लागत होता, की मीच दचकत होतो. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, डोंगरची हवा! मी तिच्या टाकीवर थोपटलं आणि म्हटलं, "तुलापण मोकळं व्हायचं होतं ना गं?"

माणूस किती मूर्ख असावा, याला काही मर्यादा?

माथ्यावर थांबलो. खाली दरीत धुकं, वर कोवळं ऊन. आणि तेव्हा दिसली मागे कॅरियरला बांधलेली कापडी पिशवी. आत चार पुडांचा डबा! उघडला. तळलेल्या सुरमईच्या तुकड्या, माशाचं लालभडक तिखलं, तांदळाची भाकरी, ओल्या खोबऱ्याची चटणी.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! बोलत नव्हती, चहा दिला नाही, पण पहाटे उठून डबा केला आणि गुपचूप गाडीला बांधला. याला म्हणतात संसार!

शेवटचं बोट चाटून झाल्यावर तिला फोन लावला.

"मीना, चुकलो मी. तुझ्यासारखी तूच. काय सुरमई झाली होती!"

"कसली सुरमई?"

"लाजतेस काय? डबा मिळाला. सगळा संपवला."

मग अगदी सावकाश आवाज आला, "मी डबा दिलेला नाही."

"मग कोणी दिला?"

"ते तुम्ही सांगायचंय! एकटेच जाणार होतात ना?"

फोन बंद. मी डब्याकडे बघतोय, गाडीकडे बघतोय, आणि मग बघितली नंबरप्लेट. नंबर माझा नव्हता!

म्हणजे मी गाडी चोरली होती. वर चोरीच्या गाडीतली मासळी खाल्ली होती! पोलिसांना आधी काय सांगायचं, गाडीचं की सुरमईचं?

तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन. "मी भिकाजी बोलतंय. तुमी माझी काळी गाडी घेऊन गेलात काय हो?"

"काका, चुकून! देवाशपथ चुकून!"

"ता कळला मला. तुमची हितंच होती ना. तिच्या कागदावर तुमचा नंबर गावला. माझी किल्ली हिलापण लागते. थांबा थंयच, येतंय मी."

"या, या," मी म्हणालो. "काका, तो डबा..."

"डबा सांभाळा हां! माझी लेक दिली हाय वर आंबा गावात. सातवा महिना. तिला सुरमईचे डोहाळे लागलेत. काल मिरकरवाडा बंदरावर माणूस धाडून मासळी आणवली, म्हातारी रात्रीपास्नं खपतेय."

सातवा महिना! आता धरणीमाय पोटात घेईल तर बरं. पण पोटात आधीच सुरमई होती, जागा कुठली? बसून बाटलीतल्या पाण्यानं डबा घासला. मातीनं घासला, लख्ख केला. दुसरं काय करणार होतो?

अर्ध्या तासानं काका आले. सत्तरीचा, काटकुळा माणूस. उतरले तेच कपाळाचा घाम पुसत. "अहो, तुमच्या गाडीला ब्रेक हाय का नुस्ता दांडा? जीव मुठीत धरून आलंय!"

मी हात जोडले. "काका, डबा मी खाल्ला. बायकोनं दिला असं वाटलं. आता ती मलाच विचारतेय, कोणी दिला!"

त्यांनी डबा हलवून बघितला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. काका म्हणाले, "चांगली झालेली काय?"

"फार."

"म्हातारीला सांगतो." आणि माझा फोन घेऊन त्यांनी मीनाला स्वतः सांगितलं, "ताई, यजमान तुमचे साधे हायत. चोरी त्यांना जमायची नाय." मीना इतकी हसली, की मला चार हातांवरून ऐकू आलं.

मग मलाही लेकीकडे ओढत नेलं. सुरेखा, त्यांची लेक, दारातच उभी. "बाबा, आणलात?"

काकांनी रिकामा डबा पुढे केला. "अगो, घाटात माकडानं खाल्लान. परवा परत आणतो."

सुरेखाची सासू घाटावरची, कोल्हापूरकडची. डबा उलटासुलटा करून म्हणाली, "आणि घासून परत दिला व्हय माकडानं?"

काका शांतपणे म्हणाले, "चांगल्या घरातलं असंल."

सुरेखानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शर्टाकडे. छातीवर तिखल्याचा हा एवढा लाल डाग! मी हात ठेवला त्यावर, पण उशीर झाला होता.

"बाबा," ती आत जाता जाता म्हणाली, "त्या माकडाला विचारा, चहात साखर किती?"

"दोन चमचे," मी म्हणालो.