आंबागडच्या बसमधली हजेरी

आधीच सांगून ठेवतो, असले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. अमावास्या, पांढरी साडी, उलटे पाय… चहा पिता पिता वाचायचं, हसायचं आणि कामाला लागायचं. बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. शेजारी कुणाच्या अंगात आलं असं कळलं की बाबा म्हणायचे, "आधी ताप पाहा म्हणावं." मी स्वतः विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवतो. जे कापता येतं, स्लाइडवर ठेवता येतं, चार जणांना दाखवता येतं तेवढ्यावरच विश्वास ठेवा, असं दरवर्षी नव्या बॅचला सांगतो. पोट्टे माना डोलावतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पेनाला अंगारा लावतात, ते सोडा.

तरी हे लिहितोय. कारण विभागात अजून बोललं जातं की ते श्वेतानं केलं. आणि श्वेतानं ते केलेलं नाही.

आमचं विद्यापीठ मोठं आहे. इतकं की इथे पंधरा वर्षं काढलेल्या माणसालाही इतिहास विभाग कुठे आहे ते विचारावं लागतं. एवढ्या मोठ्या जागेत कोण आलं, कोण नाही, याचा हिशोब ठेवणं म्हणजे डोक्याला ताप. त्यात प्रॉक्सी. प्रॉक्सी हा आमच्याकडे अर्धा अभ्यासक्रमच समजा. एकजण तीन आवाजांत "येस सर" म्हणतो आणि बाकीचे दोघे कॅन्टीनमध्ये समोसे खातात. वर्गात मी ते चालवून घेतो. टूरला नाही. जंगलात नेलेलं पोरगं मागे राहिलं तर समोसे खात बसलेलं नसतं.

म्हणून टूरपुरती मी वेगळी पद्धत पाडली होती. जोड्या. टूरवर स्वतःची हजेरी कुणी द्यायची नाही, जोडीदाराची द्यायची. मी "श्वेता?" म्हटलं की पायलनं सांगायचं, "आहे, सर." मी "पायल?" म्हटलं की श्वेतानं. म्हणजे दुसऱ्याला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बोलताच येणार नाही, असा माझा हिशोब. विभागात या पद्धतीचं कौतुकही झालं होतं.

श्वेता आणि पायल एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. होस्टेलला एकाच खोलीत. श्वेता भंडाऱ्याची, बोलकी, नकला करण्यात पटाईत. गॅदरिंगला तिनं माझा खोकला आणि विभागप्रमुख मॅडमचा "नाही म्हणजे नाही" असा काही केला होता की मॅडम स्वतःच हसायचं थांबेनात. पायल तिच्या अगदी उलट. गोसीखुर्दच्या पाण्यात गाव गेलं आणि पुनर्वसनात वसलं, तिथली. वडील धरणात मासेमारी करायचे, थोडी धानाची शेती. फारसं बोलायची नाही. पण तिचं "आहे, सर" अख्ख्या वर्गाला ओळखू यायचं. 'सर' थोडं लांबवायची, शेवटी वर न्यायची, जणू विचारतेय की मी आहे, चालेल ना.

त्या हिवाळ्यात टूर आंबागडला नेली. तुमसरच्या पुढे, डोंगरावर किल्ला, खाली गाव. नेचे, शेवाळं, गवतं, भिंतीतून उगवलेली झाडं… आमच्यासाठी चांगली जागा. दिवसभर आभाळ होतं आणि वारा बोचरा. सकाळपासून सगळं नीट चाललं होतं. दुपारी किल्ल्यावर डबे खाल्ले. श्वेताचं पोट बिघडलं, म्हणून तिला एका मुलीसोबत आधीच खाली बसमध्ये पाठवलं. जोडी तुटली ती तिथे. बाकीचे दुपार उलटल्यावर घोळक्या-घोळक्यानं उतरले.

पायल पुन्हा वर गेली, हे आम्हाला खूप नंतर कळलं. नमुने दाबायची लाकडी प्रेस ती वर तटाजवळ विसरली होती. विभागाची वस्तू हरवली तर सबमिशनला बोलणी बसतात, म्हणून कुणाला न सांगता परत फिरली. तिची बॅग सकाळपासून बसमध्येच होती. पुढच्यांना वाटलं ती मागच्यांत आहे. मागच्यांना वाटलं पुढे गेली.

बस पायथ्याशी उभी होती. इंजिन सुरू होतं. वाऱ्यामुळे पोरांनी सगळ्या काचा लावून घेतल्या होत्या. मी पुढच्या दाराशी, श्वेताच्या सीटला टेकून उभा. ती बिचारी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घालून ओकत होती. हे मी मुद्दाम लिहितोय. तिचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि ते पिशवीत होतं.

मी नावं घेत गेलो. मागून, मधून उत्तरं येत गेली. "श्वेता?" म्हटलं.

"आहे, सर."

मागच्या सीटांकडून आलं. पायलचा आवाज. लांबवलेलं 'सर', शेवटी वर गेलेलं. मला जराही शंका आली नाही, कशाला येईल… "पायल?" म्हटलं. श्वेतानं तोंड पुसलं, मान वर केली आणि मागे न पाहताच म्हणाली, "आहे, सर."

"चला, सोडा गाडी," मी ड्रायव्हरला म्हटलं.

तुमसरला चहाला थांबलो. श्वेताला जरा बरं वाटत होतं, ती पायलला उठवायला मागे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पायलची बॅग होती. पायल उतरली का, असं मी विचारणार तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, पायल नाही आहे. बॅग आहे, शाल आहे, फोनपण बॅगेतच आहे."

"असं कसं? तूच तर सांगितलं."

"तिचा आवाज आला ना सर मागून. म्हणून मी म्हटलं."

मागच्या सीटवरच्यांना विचारलं. सगळ्यांनी आवाज ऐकला होता. प्रत्येकाला तो आपल्या पलीकडच्या सीटवरून आल्यासारखा वाटला होता. सगळ्यात मागच्या रांगेतला मुलगा म्हणाला, त्याला तो पाठीमागून आला. त्याच्या पाठीमागे बसची काच होती. तेव्हा मी त्याला झापलं. नंतर त्याची माफी मागितली.

बस तशीच वळवली. गावातली माणसं काही न विचारता बॅटऱ्या घेऊन आमच्यासोबत चढली. दिवस बुडता बुडता ती सापडली. पडक्या तटाच्या खाली, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, घाणेरीच्या झुडपात. पाय मोडला होता, डोक्याला मार होता. प्रेस छातीशी धरलेली. शुद्धीवर होती.

गावातल्या एकाची जीप मिळाली. मागे मी, माझ्या मांडीवर तिचं डोकं. पोरं बसनं मागून येत होती. तिला बोलू नको म्हणत होतो, पण ती बोलत होती.

"सर, मी ओ देली होती."

"हो बेटा. आता बोलू नको."

"तुमी श्वेता म्हटलं ना. मले आयकू आलं. मी म्हटलं, आहे सर. जीव खाऊन ओरडली मी, सर. आवाज आयकून वर याल असं वाटलं."

मी तिचा हात धरला.

"मंग तुमी म्हटलं, चला, सोडा गाडी." तिचे डोळे मिटत होते. "काहून गेले सर?"

वाचणाऱ्यांनी जरा थांबून विचार करावा. ती पलीकडच्या अंगाला पडलेली. बस अलीकडे, खाली, डोंगर मध्ये. काचा बंद, इंजिन सुरू. मी ड्रायव्हरशी बोललो ते मागच्या पोरांनाही नीट ऐकू गेलं नसेल. आणि ती माझे शब्द जसेच्या तसे सांगत होती. नुसतं गाडी गेली एवढंच तिनं सांगितलं असतं, तर मी म्हणालो असतो, अंदाजानं बोलतेय. पण मी ड्रायव्हरला म्हटलेल्या नेमक्या शब्दांचा अंदाज कसा लावणार?

दवाखान्यात दोन-तीन दिवस झुंजली. मग गेली. डोक्यात रक्त साकळलं होतं, लवकर आणली असती तर… असं डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मी अजून रोज ते पूर्ण करतो.

चौकशी बसली. कुणीतरी पायलच्या नावानं प्रॉक्सी दिली, हे सगळ्यांनी आधीच धरून चाललं होतं. आमच्याकडे दुसरं काही सुचणारच नाही. आणि आवाज काढणारी एकच. श्वेता. पायलला मागे रेंगाळायचं होतं, मैत्रिणीनं सांभाळून घेतलं, अशी कहाणी तयार झाली. पायलच्या वडिलांच्या कानावरही तीच गेली आणि त्यांनी पोलिसांत श्वेताच्या नावानं तक्रार दिली. विद्यापीठानं तिला परीक्षेला बसू देणं थांबवलं. ती भंडाऱ्याला घरी गेली आणि खोलीतून बाहेर पडेना.

मी विभागप्रमुख मॅडमकडे गेलो.

"मॅडम, तिच्या तोंडासमोर पिशवी होती. ती ओकत होती. मी पाहत होतो."

"अहो, पण आवाज तर आला ना? मग कुणाचा?"

मी सांगितलं. जीपमधलंही सांगितलं. मॅडम चांगल्या आहेत, हसल्या नाहीत. चहा मागवला आणि म्हणाल्या, "तुम्ही थोडे दिवस सुट्टी घ्या."

बाबांनाही सांगितलं. त्यांना सांगताना मला लाज वाटली, खरं बोलतो. बाबा म्हणाले, "आवाज आला म्हणजे कुठून तरी आला असन. जा, पाहून ये." म्हणून भौतिकशास्त्राच्या एका मित्राला घेऊन पुन्हा आंबागडला गेलो. तो तिच्या जागी उभा राहिला, मी बसच्या जागी. तो घसा बसेपर्यंत ओरडला, फोनवर सांगत होता की आता ओरडतोय. मला खाली बुलबुल ऐकू येत होते आणि लांब कुठेतरी धान मळायची मशीन. बस नाही, काचा नाहीत, इंजिन नाही, तरी काही नाही. प्रतिध्वनीबिध्वनी काही होत नाही इथे, म्हणाला. 

राहता राहिले पायलचे वडील. त्यांनी तक्रार मागे घेतली तरच श्वेता सुटणार होती. मी त्यांच्या गावी गेलो. पुनर्वसनातली घरं सगळी एका ओळीत, एकसारखी, दोनदा विचारावं लागलं. काकाजी ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले, खुर्ची दिली, आतून पाणी मागवलं. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो, तिथे पाण्याचा पेला हातात घेऊन बसलो.

"काकाजी, त्या पोरीनं आवाज नाही काढला," मी म्हटलं. "पायलनंच ओ दिली. वरून. आम्ही सगळ्यांनी ऐकली." आणि जे घडलं ते सांगितलं. सांगता सांगता मलाच ते वेड्यासारखं वाटायला लागलं. शिकलेला माणूस, विद्यापीठाचा मास्तर, लेक गेलेल्या बापाच्या ओट्यावर बसून हे काय सांगतोय…

काकाजींनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "तिचाच आवाज होता?"

"तिचाच."

"पक्कं?"

"काकाजी, मी दोन वर्षं तो आवाज रोज ऐकला."

त्यांनी मान हलवली. "मंग त्या पोट्टीनं काही नाही केलं. कायले तिची जिंदगी खराब करू? उद्या जातो ठाण्यात, कागद मागं घेतो."

एवढंच. ज्यासाठी मी चौकशी समितीपुढे हात जोडून थकलो होतो ते त्यांनी तिथल्या तिथे केलं. मी उठलो. हात जोडले. ते फाटकापर्यंत आले आणि थांबले.

"सर, एक विचारू? तिनं ओ देली तवा आवाज कसा होता तिचा? रडून राहिली होती का?"

"नाही काकाजी," मी म्हटलं. "नेहमीसारखा होता. वर्गात बसल्यासारखा."

हे खरंच होतं. बसमध्ये आम्ही ऐकला तो आवाज तसाच होता.

"बरं झालं," ते म्हणाले. चेहरा जरा सैल झाला. "तिची माय रोज इचारते, पोरगी तिथं एकटी किती रडली असन म्हणून. झोपत नाही ती." आणि आत वळून त्यांनी बायकोला हाक दिली, "अवं, आयकलं का? सर सांगून राहिले, रडत नव्हती आपली पायल."

 आतला भांड्यांचा आवाज थांबला.

श्वेता पुढच्या वर्षी परीक्षेला बसली, पास झाली. टूरला मी आता जात नाही. हा प्रकार काय होता, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि कुणी दिलेलं मला पटलेलं नाही. पण जीपमध्ये ती म्हणाली होती की ती जीव खाऊन ओरडली. हे मी काकाजींना सांगितलं नाही, सांगणारही नाही. डोंगराच्या पलीकडे पोरगी जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि आमच्यापर्यंत ते शांत, नेहमीचं "आहे, सर" होऊन आलं. ओरडणंच आलं असतं, तर मी गाडी सोडली नसती.