दादाची बोटं हलतात

कृत्रिम हातापायांचं शिकायला मी स्वीडनला निघाले त्या दुपारी आमचं सगळं घर पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर ट्रॅव्हल्सची वाट बघत उभं होतं. आई-बापू सोयगावहून मुद्दाम आले होते. गाडी दिसली तशी आई एवढंच म्हणाली, "लोकांच्या हातापायाचं बघशील, तसं स्वतःच्या पोटाचंबी बघ." दादा आणि वहिनी जरा मागं होते. उजवा हात खिशात घालायची दादाला सवय लागली होती. मनगटाच्या पुढं पंजा नव्हता, ते कुणाला दिसू नये म्हणून.

दादामुळंच मी शिकले. वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर त्यानं पुंडलिकनगरात भाड्यानं खोल्या घेतल्या आणि मला इंजिनिअरिंगला शहरात आणलं. माझं शेवटचं वर्ष चालू असताना प्रेस मशिनमध्ये त्याचा हात सापडला. जखम भरली, पण तो म्हणत राहिला, "बोटं हलतेत गं माझी. मूठ वळतीय." बापू तोंड फिरवायचे. आई दृष्ट काढायची. धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला, अशी कुजबुज नातेवाइकांत सुरू झाली. नसलेली बोटं हलतात कशी, ते शोधायलाच मी गेले म्हणा ना.

स्नायू आवळला की त्यात बारीकशी वीज उठते. कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवला की तीच वीज स्क्रीनवर रेघ होऊन उसळते. बोटं ओढणारे बरेचसे स्नायू कोपराखालच्या मांसल भागात असतात. पंजा गेला तरी ते मागं राहतात, आणि मेंदू त्यांना हुकूम सोडतच राहतो. लॅबमध्ये हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला दादाची इतकी आठवण आली की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

पहिल्या सुट्टीत मी ती रेघ दाखवणारं छोटं यंत्र घेऊन घरी आले. दादानं बाही खाली ओढली. "मी तुझा प्रयोग नाय," म्हणाला आणि गच्चीवर निघून गेला. मला लागलं, पण मी पुन्हा विषय काढला नाही. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तो आपणहून समोर येऊन बसला. बाही वर केली. म्हणाला, "लाव."

मी त्याला मूठ आवळायला सांगितली. रेघ उसळली. बोटं ताणून उघडायला सांगितली, तर दुसऱ्या इलेक्ट्रोडची रेघ उसळली. बापू खुर्ची ओढून जवळ आले. दादानं न सांगता पुन्हा मूठ आवळली, रेघ पुन्हा उसळली.

"म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो," तो हळूच म्हणाला.

बापूंनी त्याच्या तुटक्या हातावर आपला हात ठेवला. अपघातानंतर त्यांनी तो पहिल्यांदाच धरला होता.

खरी परीक्षा पुढं होती. आमच्या लॅबनं याच सिग्नलवर चालणारा कृत्रिम हात दादाला चाचणीसाठी दिला. स्वीडनच्या थंडीत तो शहाण्यासारखा वागायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात घामानं इलेक्ट्रोड सरकायचे, सिग्नल बिघडायचा आणि दादाच्या हातातला कप खाली पडायचा. "घाम आला की ह्यो ऐकतच नाय," तो फोनवर सांगायचा. इथं लॅबमध्ये या घामाचा कुणी फारसा विचारच केला नव्हता. तोच माझा विषय झाला. कितीतरी उन्हाळे मी पुंडलिकनगरात पंख्याखाली बसून चुकले आणि दुरुस्त केलं. आता दादा दोन्ही हातांनी भाकरी मोडतो, आणि हात गमावलेल्या वाळूजच्या दोघांना मूठ कशी आवळायची ते शिकवतो.

तुम्ही गावाकडं राहिलेले विचारता, स्वीडनमध्ये करमतं का? माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारत नाहीत. खरं सांगते, करमतं. इथली भाषा आली, मित्रमंडळी जमली, बाल्कनीत मेथीसुद्धा उगवते. पण इतकी वर्षं माझं गावी जाणं म्हणजे मे महिन्यात कामाला जाणं होतं.

परवा दादाचा फोन आला. "हाताचं आता माझं मी बघतो. तू दिवाळीला ये. यंत्र आणू नको."

मी तिकीट काढलं आहे. काही दुरुस्त करायचं नसतानाही जिथं आपली वाट बघतात, ते घर, असं मला आता वाटतं.