इंगळे सरांनी परत केलेला विजय

रविवार, १२ जानेवारी.

गौरव समितीची आधी क्षमा मागतो. इंगळे सरांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथासाठीचा लेख दसऱ्यापर्यंत द्यायचा होता. पुन्हा पुन्हा निरोप येऊनही मी गप्प राहिलो. सवड नव्हती असे लिहिले तर ते खोटे होईल. सरांवर लिहायला बसलो की राग यायचा, आणि तो नेमका कोणावर हे ठरत नव्हते. अजूनही पूर्ण ठरलेले नाही.

मी या महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू झालो, त्या दिवशी शारीरिक शिक्षण विभागाचे इंगळे सर मैदानावर उकिडवे बसून भेगांमध्ये मुरूम भरत होते. मी नवे बूट सांभाळत कडेला उभा राहिलो. "मराठीचे ना तुमी? मंग लावा हात. भाषा नाई मळत," ते म्हणाले. आमची ओळख अशी झाली.

ते मैदान काळ्या मातीचे. त्यावर फुटबॉल सरळ घरंगळत नाही, म्हणून आमची पोरे तो उचलूनच मारतात. शहरातल्या सपाट मैदानावर हीच सवय नडते. चेंडू रेषेबाहेर जातो आणि लोक हसतात. ती सवय मोडण्यात सरांची उमेदीची वर्षे गेली. पहिल्या एसटीने उपाशी आलेल्या पोरांना सरांच्या घरून भाकर आणि ठेचा यायचा, तोही न चुकता.

माझ्या वडिलांना लकवा झाला तेव्हा सर रोज घरी येत आणि त्यांच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घेत. "काका, आज दांडी नाई मारायची," असे दटावत. वडील पुढे काठीविना अंगणात फिरू लागले. हे उपकार मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच पुढचे लिहिणे अवघड जाते.

गेल्या हंगामात आपला फुटबॉल संघ ओळीने हरत गेला. संस्थेच्या अध्यक्षांनी आधीच बजावले होते, "यंदा एक तरी सामना जिंका, नाही तर टीम बंद." तोडगाही त्यांनीच सुचवला होता: शहरातले चार तयार खेळाडू नावापुरते दाखल करून घ्यावेत. सरांचे उत्तर होते, "जे पोरगं वर्गात दिसत नाई, ते माह्या टीममध्ये दिसनार नाई."

शेवटचा सामना आम्ही जिंकलो. एकच गोल, सोनाळ्याच्या शुभमचा. संघ वाचला होता. परतताना मीही जीपमध्ये होतो; पोरांनी धिंगाणा घातला. गोलकीपरने शुभमच्या पाठीत धपाटा घातला, "काबे, आता तरी कॉलेजात ये! का जिनिंगवर कापसाच्या गाठीच उचलत राह्यतं?"

पुढच्या सीटवरून सर मागे वळले.

"कधी सोडलं कॉलेज?"

"दिवाळीनंतर, सर. टीसी नेली."

"आन् प्रॅक्टिसले रोज येऊन राह्यला. मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी खेळू देलं असतं काय?"

सरांनी ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितली. मागून कोणीतरी म्हणाले, "सर, आपल्याशिवाय कोनाले माहीत हाय?"

"मले माहीत झालं ना बे आता."

त्यांनी स्वतः आयोजकांना सांगितले आणि विजय प्रतिस्पर्ध्यांच्या नावे गेला. शुभम वाटेतच उतरला. "अध्यक्षायले शहरातले चालले असते, तुमाले मीच चाललो नाई," एवढे बोलून तो गेला. पुढे संस्थेने संघ बंद केला.

आता तीच संस्था हा ग्रंथ काढत आहे आणि निमंत्रणपत्रिकेवर सरांना 'तत्त्वनिष्ठ' म्हणत आहे. सरांनी तत्त्व पाळले म्हणून ज्यांनी पोरांचा खेळ थांबवला, त्यांनीच त्या तत्त्वाला शाल घालायची, हे मला गिळता येत नाही. पण सरांवरही माझा राग होता. तत्त्व त्यांचे होते. मैदान मात्र पोरांचे गेले. एकदा मी तसे बोललो. सर म्हणाले, "बरोबर केलं का नाई, मले सांगता येत नाई. पन दुसरं काही माह्यानं झालं नसतं." त्यानंतर त्यांच्यावरचा राग उतरला, बराचसा.

समितीच्या बैठकीत सर म्हणाले होते, "शाल राहू द्या, टीम द्या." सारे हसले. सर हसले नव्हते.

इंगळे सरांना साठीनंतरही उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि तो चढवायला समोर अकरा पोरे असोत. पोरांवाचूनच्या नुसत्या आयुष्याचे सर काय करतील, मला समजत नाही.

उद्या: संघ पुन्हा सुरू करणार की नाही, हे अध्यक्षांना तोंडावर विचारणे.