तेजपूर ते लेह, व्हाया आमरस

तेजपूरहून लेहला विमान किती वेळात पोचतं, हे अख्ख्या पुणतांब्यात मला एकट्यालाच ठाऊक होतं. कारण ते मीच ठरवलं होतं.

गोष्ट बाहत्तरच्या आसपासची. थोरला भाऊ दत्तू फौजेत. त्याची तेजपूरहून लेहला बदली झाली होती आणि अक्षय्य तृतीयेला सकाळी तो विमानात बसणार, असं त्यानं कळवलं होतं. आईनं विमान पाहिलं होतं ते फक्त खालून, मान वर करून. तिनं उठल्या उठल्या देव्हाऱ्यातले सगळे देव पाण्यात घातले. "इमान भुईला टेकंस्तवर देव बाहेर न्हाई, अन् घरात कुनाच्या तोंडात घास न्हाई," असं बोलून ती पुरण वाटायला बसली.

मग मला हाक आली. मी संगमनेरला सायन्सच्या पहिल्या वर्षाला. (म्हणजे घरातला शास्त्रज्ञच!)

"किती वेळ लागंल रं?"

"माहीत नाही" असं सायन्सच्या मुलानं म्हणायचं नसतं. मी शाळेतला जुना नकाशा काढला, दोन गावांमध्ये दोरा ताणला आणि रुबाबात सांगितलं, "दुपारी बारापर्यंत उतरेल."

दादा, म्हणजे आमचे वडील, एस.टी.त कंडक्टर. सणाला घरी होते. त्यांना हे पटेना.

"मधी थांबे किती?"

"विमानाला थांबे नसतात, दादा."

"डायवर च्या पीत न्हाई? अन् ह्यो डोंगर बघ केवढा. घाटात गाडी पहिल्या गिअरवर चालती."

"विमान घाटाच्या वरून जातं."

"मंग चढ आलाच की."

दादांपुढं सायन्स टिकत नाही. मी चहाचा थांबा दिला, घाट दिला, शेवटी पंक्चरचा वेळही धरला. विमान दिवेलागणीवर गेलं. आई म्हणाली, "घाई न्हाई. नीट पोचू दे."

दुपार झाली. आमरसाचं पातेलं झाकलेलं, पोळ्यांची चळत फडक्यात. पितरांचा घास छपरावर ठेवला, तो कावळ्यानं उचलला. त्या दुपारी आमच्याकडे जेवला तो एवढाच.

इतक्यात दारात दत्तू, खांद्यावर ट्रंक घेऊन! आठवड्यापूर्वीच अचानक रजा मंजूर झाली, म्हणून विमान सोडून तो आगगाडीनं घरी आला होता. आई हसली, रडली, तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पाट मांडायला धावलो.

"पाट ठिव खाली," आई म्हणाली. "देव अजून पान्यात हायेत."

"अगं, पन मी हितं हाय की," दत्तू म्हणाला.

"तू हायेस. तुझ्या जागंवर दुसरं कुनी बसलं आसंल ना? त्यालाबी आई आसंल."

दत्तूनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "आये, ते इमान दुपारच्या आत पोचतं. कवाच उतरलं आसंल."

"तू नववी नापास. ह्यो सायन्सला हाय."

मी घाईघाईनं म्हणालो, "आई, दत्तूचंच बरोबर आहे. माझा दोरा सैल पडला होता."

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भुकंपायी शास्तर बदलतोस व्हय?"

दिवेलागणीला देव पाण्याबाहेर आले. आमरस तोवर आंबला होता, तरी आम्ही तो वाटी चाटूनपुसून खाल्ला. आजही कुणी मला विचारलं, की अमक्या गावाहून तमक्या गावाला विमानानं किती वेळ लागतो, तर मी आधी विचारून घेतो, "जेवणं झाली का तुमची?"