म्हशीची मधली काच

खुशालराव म्हैस आणायला गेले आणि मोटार घेऊन आले, ही गोष्ट अकोल्यात आमच्या गल्लीत अजून सांगतात. ती खरी आहे. मी त्यांची शेजारीण, आणि त्या दिवशी दारातच उभी होते. त्यांच्या पत्नी कौशल्यावहिनी म्हशीला ओवाळायला ताट घेऊन बाहेर आल्या, तर समोर लांबच लांब काळी गाडी. तोंड आमच्या फाटकाशी आणि शेपूट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी.

"हे काय आनलं?" वहिनींनी विचारलं.

"लिमोझिन हाये. जर्मनीची. मर्सिडीज सिक्स हंड्रेड."

"दूध देते काय?"

खुशालराव फडक्यानं गाडीचं नाक पुसायला लागले. ताट वाया जाऊ नये म्हणून वहिनींनी गाडीला ओवाळलं, आणि तेव्हापासून गाडीचं नाव म्हैस पडलं.

झालं होतं असं. खुशालरावांची शेती बाळापूरकडे. तिकडच्या बाजाराला जाताना वाटेत कापसाचं जिन चालवणाऱ्या एका शेठचा बंगला लागतो. शेठ वारले, आणि मुलांनी आवारातली जुनी गाडी भंगारात काढली. खुशालराव पाणी प्यायला थांबले नि तिथेच अडकले. शेठनं ती दिल्लीतल्या एका वकिलातीकडून घेतली होती, म्हणजे आमच्या म्हशीनं आधी परदेशी राजदूत वाहिले, मग सरकीचा व्यापारी, आणि मग खुशालराव. ही उतरती भाजणी असं मी एकदा म्हणाले, तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

मी निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं लोकांना शिकवलं, त्यामुळे मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. पण खुशालरावांच्या तावडीतून कोण सुटतं? तुळशीला पाणी घालायला बाहेर पडावं, तर कुंपणापलीकडून सुरूच.

"बाई, त्रेसष्ट साली निघाली ही गाडी, अन् एक्क्याऐंशीत बंद. अख्ख्या दुनियेत तीन हजारबी नाई बनल्या. राजे बसले, पोप बसला, मोठमोठे हुकूमशहा बसले."

"आणि आता तुम्ही."

"हौ," ते अगदी मनापासून म्हणायचे.

गाडीत खरंच पाहण्यासारखं खूप होतं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. तिच्या खिडक्यांना विजेची मोटर नाही. मोटर म्हटली की घरघर आली, आणि मागे डुलक्या घेणाऱ्या साहेबाची झोप मोडली. म्हणून जर्मनांनी इंजिनाला एक पंप जोडला, आणि तो पंप बारीक नळ्यांतून गाडीभर दाबाचं तेल खेळवतो. त्याच तेलावर काचा, त्याच तेलावर सीटा, त्याच तेलावर डिकीचं झाकण. कशाचाही आवाज नाही. "ट्रॅक्टरची लिफ्ट जशी काम करते, तशीच ही," खुशालराव सांगायचे, आणि पुरावा म्हणून काचेत काकडी धरायचे. काच चढायची, काकडीचे दोन तुकडे. सगळी गल्ली टाळ्या वाजवायची आणि वहिनी आतून ओरडायच्या, "कोशिंबिरीची व्हती ते!"

गाडी चालते हवेच्या फुग्यांवर. फुगे जुने झालेले, त्यामुळे चार दिवस उभी राहिली की हवा जाऊन म्हैस हळूहळू बसते. इंजिन सुरू केलं की आधी मागून आणि मग पुढून उठते. हे बघायला लोक मोबाइल घेऊन उभे असतात. आता सांगा, या गाडीला दुसरं काय नाव द्यायचं?

पण खुशालरावांचा खरा जीव होता मधल्या काचेत. लिमोझिन म्हणजे नुसती लांब गाडी नव्हे. ड्रायव्हर आणि मागची मंडळी यांच्यामध्ये काचेची भिंत हवी. ती वर केली की मागचं बोलणं पुढे ऐकू येत नाही. जर्मनांनी तिची खिट्टी, म्हणजे वर-खाली करायचं बटण, फक्त मागे ठेवली होती, कारण काय लपवायचं ते साहेब ठरवणार, ड्रायव्हर नाही. खुशालरावांना हा अपमान वाटला. त्यांनी ट्रॅक्टरचं हायड्रोलिक दुरुस्त करणाऱ्या पंजाबरावांना गाठून स्टेअरिंगजवळ दुसरी खिट्टी बसवून घेतली, ट्रॅक्टरचीच नळी लावून. जर्मन इंजिनिअरनं ते पाहिलं असतं तर जागच्या जागी आडवा झाला असता.

अपमान हे निमित्त. खरं कारण वेगळं होतं. म्हैस लग्नांना जायला लागली. अकोल्यापासून अमरावतीपर्यंतच्या कितीतरी नवऱ्या तिच्यात बसून सासरी गेल्या, आणि स्टेअरिंगवर स्वतः खुशालराव. त्यांच्या लक्षात आलं की गाडी गाव सोडते तेव्हा नवरीला रडू येतं, पण पुढे बसलेल्या परक्या माणसामुळे ती ते गिळते. मग ते गाव मागे पडताच खिट्टी दाबायचे. ती जितकी हळू दाबाल तितकी काच हळू चढते. खुशालराव इतक्या अलगद दाबायचे की काच कधी चढली ते नवरीला कळायचंच नाही. पोरगी पोटभर रडायची. सासरचं गाव दिसायला लागलं की काच खाली यायची, आणि खुशालराव आरशात न बघता विचारायचे, "झालं काय, पोरी? तोंड पूस. सासर आलं."

हे मात्र ते कुंपणापाशी कधी सांगत नसत. मला त्यांच्या मुलीनं, प्रणालीनं सांगितलं. लहानपणी ती कधीकधी मागे करवल्यांच्या घोळक्यात बसून जायची.

आणि मग प्रणालीचंच लग्न ठरलं. मुलगा बडनेऱ्याचा, रेल्वेत नोकरीला. गोपाल त्याचं नाव. इतका शांत की हसला तरी परवानगी काढून हसल्यासारखा वाटायचा. बैठकीतच खुशालरावांनी जाहीर केलं, लेकीला म्हशीतून मीच सोडणार. गोपालचे काका जानराव ताठ झाले.

"बाप कदी लेकीच्या मागं सासरी जाते काय?"

"मागं कुठी? मी तं पुढं राहीन. ष्टेरिंगवर."

"पर बाप तं हाये ना तुमी?"

"गाडीत बसलो का मी डायवर. बाप घरी ठेवून येतो. डायवर रडत नाई, अन् रडला तं गाडी नालीत."

जानरावांनी चहा मागितला आणि विषय मिटला.

लग्नाच्या आदल्या दुपारी कुंपणाशी पाहते तर खुशालराव जमिनीवर बसलेले, बाजूला तेलाचं थारोळं. पुढच्या खिट्टीची नळी फुटली होती. पंजाबराव येऊन गेले होते. त्यांनी त्या नळीला बूच मारलं, म्हणून बाकीची गाडी वाचली. पण उद्यापर्यंत पुढची खिट्टी चालणार नव्हती.

"चालायचंच," मी म्हटलं. "गाडी तर चालते ना?"

"गाडी चालते बाई, पर काच?" त्यांनी तेलानं माखलेला हात पुसला. "लोकाइच्या पोरीले पडदा देल्ला म्या. माह्या पोरीलेच देता येऊन नाई राहिला."

"मग तिलाच सांगा. मागची खिट्टी आहे ना? म्हणावं, रडू आलं की चढव."

"काहीबी बोलता तुमी! रडाले कोनी अशी तयारी करते काय? उलटी माह्यासाठी रडू आवरून बसंन ते."



दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कार्यालयातून गाडी निघाली. मागे प्रणाली, गोपाल आणि दोन करवल्या. पुढे खुशालरावांच्या शेजारी मी, कारण वहिनींचा नवऱ्याच्या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. "तुमी बसा जवळ, बाई. हे मानूस डायवर-गियवर काई नाई." मग त्यांनी गाडीच्या नाकाला कुंकू लावलं, नवऱ्याकडे न बघता म्हशीलाच म्हणाल्या, "नीट नेजो माह्या पोरीले," आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या.

अकोला मागे पडलं. खुशालरावांचा डावा हात सवयीनं खिट्टीवर गेला, तिथेच थांबला आणि परत स्टेअरिंगवर आला. मग एकदम बोलायला लागले, नेहमीपेक्षा दुप्पट. आठ सिलिंडर, सहा पूर्णांक तीन लिटर, एवढ्या धुडाला कसा वेग येतो ते. मागे करवल्यांची कुजबुज चालू होती. त्यांचे शब्द तुटायला लागले. "अन् पंप, बाई... पंप असा हाये का..." पुढे पंप कसा आहे ते काही आलं नाही. नजर रस्त्यावर खिळलेली. मला त्या माणसाची इतकी दया आली की मी खिडकीबाहेर तुरीची शेतं पाहत बसले.

करवल्यांची कुजबुज थांबली असं मला वाटलं. प्रणालीच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या. त्याही ऐकू येईनाशा झाल्या. मी मान वळवली. मधली काच वर होती. आवाज नाही, धक्का नाही. पलीकडे प्रणालीचं बोट मागच्या खिट्टीवर होतं आणि ती मुद्दाम बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती.

खुशालरावांनी आरशात पाहिलं. त्यांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, हँडब्रेक लावला, आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून रडले. मोठ्यानं रडले. मीही रडले, उगाच का खोटं बोलू? मागे कुणालाही काही ऐकू गेलं नसावं. जर्मनांचं काम चोख होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, आणि मग ती नीटच चालवली. बडनेऱ्याचे दिवे दिसायला लागले, तशी काच सावकाश खाली आली.

"झालं काय, बाबा?" मागून प्रणाली म्हणाली. "तोंड पुसा. बडनेरा आलं."