तपासून पास केलेल्या अठरा सीड्या

ताईचं लग्न अंबरनाथला झालं. महिन्याभराने व्हिडिओवाल्याने सव्वा तासाची एक व्हीसीडी आणून दिली. पप्पांनी लगेच जाहीर केलं, की जवळच्या अठरा घरांना एकेक कॉपी द्यायची आणि ती घरीच काढायची. घरात कॉम्प्युटर होता, त्याला सीडी रायटर होता आणि तो चालवता येणारी मी होते.

कोऱ्या सीड्यांचा डबा मी उल्हासनगरहून आणला. दुकानदाराने बजावलं, "बेटी, स्लो स्पीड पे राइट करना, फास्ट में अटकती है." हा सल्ला मी तंतोतंत पाळला. त्याआधी मूळ सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी लागते. ते काम मी वडापाव खात खातच केलं. मध्येच पडद्यावर एक चौकट आली, 'वाचण्यात अडचण, काय करू?' अशा अर्थाची. खाली तीन बटणं होती. मी 'इग्नोर' दाबलं. त्या वयात मी बऱ्याच गोष्टींना तेच बटण दाबत असे.

पप्पा कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. लग्नाच्या दोनच महिने आधी रिटायर झाले होते आणि तेव्हापासून घरातल्या वस्तूंची तपासणी चालू होती. फरशीचा उतार चुकलाय, कुकरची शिट्टी उशिरा होते, पोळ्या एका मापाच्या नाहीत. त्यामुळे "सीड्या मी तपासून देतो" म्हणाले तेव्हा आईला फार बरं वाटलं.

तपासणी म्हणजे तपासणीच. आधी सीडी खिडकीशी धरून उजेडात फिरवायची, कुठे बुडबुडा किंवा पुसट कडं दिसतंय का बघायचं. मग प्लेअरमध्ये घालून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. पुढे ढकलायची नाही. सकाळी दोन, जेवण झाल्यावर दोन. पास झालेल्या सीडीवर मार्करने बारीक सही.

पहिल्या सीडीला ताईची पाठवणी बघून आई रडली. दुसरीलाही रडली. चौथीपासून तिला बाकीचे लोक दिसायला लागले. "ही बघा, माझीच पैठणी नेसून मिरवतेय, अजून परत केली नाही." नवव्या सीडीनंतर ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पप्पांनी दोन सीड्या नापास केल्या, त्यातल्या एकीत म्हणे ओठ आधी हलत होते आणि आवाज मागून येत होता. त्या मी पुन्हा काढून दिल्या. शेवटी अठरा सह्या झाल्या आणि पप्पा स्वतः बदलापूर, उल्हासनगर, चामटोली असे फिरून घरोघरी वाटून आले.

रविवारी सकाळी फोन वाजला. चामटोलीहून मोठे काका, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. शाळामास्तर होते.

"बाळ, मला एक सांग," ते म्हणाले. "मी माईक हातात घेतो. 'उपस्थित बंधू-भगिनींनो' म्हणतो. आणि पुढच्या क्षणाला माझ्या हातात जेवणाचं ताट! माझं भाषण कुठाय?"

बुद्धवंदना, पंचशील झाल्यावर काकांनी वधूवरांना उद्देशून भाषण केलं होतं. पंधरा दिवस आधीपासून त्याची तयारी चालली होती. भाषण सुरू झालं आणि तिकडे वाढायलाही सुरुवात झाली. पुढच्या दोन रांगा सोडून मांडव हळूहळू जेवणाकडे सरकला. त्या दोन रांगांतली मुलंही मग उठली.

पप्पा शांत होते. "भाऊचा प्लेअर जुना आहे. आपला माल तपासून गेलाय."

तरी त्यांनी घरासाठी जास्तीची काढलेली कॉपी लावली. काका उभे राहिले, माईक घेतला, 'बंधू-भगिनींनो' म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झाले. नाक कानाच्या पलीकडे गेलं. चित्र दोन सेकंद थिजलं आणि मग थेट जेवणाच्या टेबलावर. त्या व्हीसीडीत एकेका प्रसंगाचा वेगळा तुकडा पाडलेला होता. वाचता आलं नाही, की प्लेअर सरळ पुढच्या तुकड्यावर उडी मारत होता.

"मग हे तुम्हाला अठरा वेळा दिसलं नाही?" मी विचारलं.

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "काका उभे राहिले, की यांचं घोरणं सुरू. सकाळी काय आणि दुपारी काय."

"मी डोळे मिटून ऐकत होतो," पप्पा म्हणाले.

"मग काय म्हणाले भाऊजी?"

पप्पा रिमोट उलटासुलटा करून बघायला लागले. त्यांचा चेहरा बघून मला राहवलं नाही आणि मी इग्नोरची गोष्ट सांगून टाकली. त्यांनी माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. "मशीन स्वतः सांगतंय दोष आहे, आणि तू पुढे जा म्हणालीस?" मग मूळ सीडी घेऊन ते खिडकीशी गेले आणि तिथूनच मला हाक मारली. सीडीच्या चमकत्या बाजूवर एक अंगठा स्पष्ट उमटला होता. तेलकट.

त्यांनी जुनं धोतर फाडून मऊ फडकं केलं आणि सीडी मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसली. गोल फिरवून पुसायची नसते, हेही मला तेव्हाच कळलं. या वेळी चौकट आली नाही.

मग पप्पांनी उरलेल्या सतरा घरांना फोन लावून सीड्या परत मागितल्या. दोष असल्याचं एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. बदलापूरची मावशी म्हणाली, "अहो, मस्त चालतेय, कुठ्ठे अटकत नाही." उल्हासनगरचे पप्पांचे एक जुने सहकारी म्हणाले, "आता भाषण येणार? मग राहू द्या, साहेब, हीच बरी आहे."

नवी सीडी तपासायला पप्पा लाकडी खुर्चीवर ताठ बसले. मी आणि आईही बसलो. काका बोलत होते, "माझा हा भाऊ लहानपणापासून खोट काढणारा. आईची भाकरी हातात घेऊन वाजवून बघायचा. पण लेकीने मुलगा पसंत केला, तेव्हा याने एक प्रश्न विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा न तपासता पास केलं. बाप म्हणून तो त्या दिवशी माझ्याहून मोठा झाला."

आईचे डोळे भरून आले. पप्पा घसा खाकरून म्हणाले, "तपासला होता."

"काय?"

"दोनदा त्याच्या ऑफिसला जाऊन आलो. खालच्या चहावाल्याला विचारलं. समोर राहणाऱ्यांनाही."

"आणि मला सांगितलं नाहीत?" आई म्हणाली.

"पास होता, मग काय सांगायचं?"

आई संध्याकाळपर्यंत बोलली नाही. चहा मात्र दिला.

पुढच्या रविवारी पप्पा आणि मी नवी सीडी घेऊन चामटोलीला गेलो. काकांनी काकूला, शेजाऱ्यांना बोलावून बसवलं आणि स्वतः टीव्हीच्या बाजूला उभं राहून अकरा मिनिटं स्वतःला ऐकलं. 'न तपासता पास केलं' या वाक्याला त्यांनी वळून पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी मान खाली घातली, काकांना तो विनय वाटला. भाषण संपलं. शेजारी पांगले. काकांनी हळूच विचारलं, "थोडं लांबलं का रे?"

"नाही, भाऊ," पप्पा म्हणाले. "अगदी मापात आहे."