तळव्याला कळणारे पाणी

माझे वडील वाडीला पाणी लावत ते तळव्यांनी. किनारपट्टीवरच्या गिरीज गावातल्या आमच्या वाडीत अनवाणीच शिरायचे, हा रिवाज; उभ्या पिकात चप्पल घालून कोणी जात नसे. विहिरीवरचा पंप सुरू झाला की वडील केळीच्या वाफ्यात दूरच्या टोकाला जाऊन उभे राहत. वाळलेल्या पानांखालून पाणी सरकत येई, दिसत नसे. तळव्याला त्याचा पहिला गारवा लागला की ते फावड्याने त्या वाफ्याचे तोंड मातीने लिंपत आणि पुढच्याचे उघडत.

नव्वदचे दशक सरता सरता वाफे तुंबू लागले. पाणी घोट्यावर चढले तरी वडील तसेच उभे. त्या वर्षी केळींची मुळे कुजली, आणि वाडीभर आंबूस, गोडसर वास साचून राहिला. टँकर भरभरून विहिरी उपसल्या जात होत्या, पाणी खारट झाले होते. आम्ही सगळ्यांनी त्या खारेपणाला दोष दिला. मधुमेहाने वडिलांच्या तळव्यांची जाण नेली होती, आणि ते केळींनी आम्हाला आधी सांगितले होते.

मग केळीला टेकू दिलेल्या बांबूची कामटी अंगठ्याखाली रुतली. त्यांना ती कळलीच नाही. आईला दिसली ती ओटीवरच्या ओल्या पावलांमधली लाली. जखम काळवंडत गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पाय ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधी रक्त खाली कुठवर पोचते ते पाहू.

मी तेव्हा एव्हरशाईन सिटी या गावाजवळच्या नव्या वसाहतीत राहत होते. जवळच्या तपासणी केंद्रात रक्ताचा प्रवाह दाखवणारे डॉपलर यंत्र नुकतेच आले होते. सुई नाही, कापाकापी नाही, एवढ्या भरवशावर वडील यायला तयार झाले.

खोलीत काळोख होता आणि स्पिरिटचा वास. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मांडीवर जेल लावले.

"अहो बाई, गार आहे हे! आणि बुळबुळीत. केळफुलाचा चीक तर नाही ना? डाग पडला तर हिची बोलणी मला खावी लागतील."

"जन्मभर मी चप्पल घाला म्हणून ओरडले," आई कोपऱ्यातून म्हणाली, "ती बोलणी कधी मनाला लावून घेतलीत का?"

"बोल आता. आडवा पडलोय, पळता यायचं नाही मला."

डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांच्या हातातले यंत्र मांडीवरून खाली सरकू लागले. पडद्यावर लाल पट्टी धडधडत होती, आणि तिचा आवाज येत होता: फुस्स, फुस्स, एका लयीत. गुडघ्यामागे तो एकाएकी चढला, शीळ घातल्यासारखा तीव्र झाला. लाल रंगात पिवळे-निळे ठिपके उसळले. वडिलांनी मान उचलली.

"बघ, केवढा जोर आहे! उगाच घाबरवतात डॉक्टर."

आईने पदर डोळ्यांना लावला. मलाही वाटले, एवढे रंग आहेत तिथे वाईट काय असणार.

"काका," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या, "जोर आहे कारण तिथे वाट अरुंद झालीये. नळीचं तोंड बोटानं दाबलं की पाणी कसं उडतं, तसं."

वडिलांनी मान पुन्हा उशीवर टेकली. यंत्र पोटरीवरून उतरत गेले तसा आवाज विरत गेला. पावलापाशी पडदा राखाडी झाला. मधूनच लाल ठिपका उमटे आणि विझे. नुसती खरखर.

"लावा की आता तिथे ते गार," वडील म्हणाले.

जेल केव्हाच लावले होते. पाऊल ओले चकाकत होते. आईने पदराच्या टोकाने ते पुसायला सुरुवात केली, सावकाश, बोटाबोटांतून. ती पुसते आहे हे त्यांना तिच्या वाकलेल्या पाठीवरून समजले असावे. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

मुंबईच्या रुग्णालयात अडलेली वाट मोकळी करून पाहिली. पण खालच्या बारीक वाटा मिटल्या होत्या. गुडघ्याखाली पाय गेला.

घरी परतल्यावर बरेच दिवस त्यांनी वाडीकडची खिडकी उघडू दिली नाही. एका सकाळी मात्र म्हणाले, "खुर्ची बाहेर ने." बांधावर बसून त्यांनी मला चपला काढायला लावल्या आणि शेवटच्या वाफ्यात उभे केले. आईने पंप सुरू केला.

"आलं का?"

"नाही, बाबा."

पाने ओलसर होती. बोटांना एक गांडूळ चाटून गेले. मग टाचेपाशी काहीतरी हलले, आणि मातीतून गारवा सबंध तळव्यावर पसरत गेला.

"आलं."

"कसं लागतं गं?"

आयुष्यभर लिहिताना मी शब्दांची निगा राखली होती. तरी मी एवढेच म्हणाले, "गार."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मग उभी काय राहिलीस? वाफा बंद कर. केळी कुजतील."